गोल झालेला बोल्ट आणि त्याचा हिशेब

या पानावर कापूस, सूत, कापडाचे भाव, कर आणि उधारी यांची चर्चा नेहमी होते. आज आम्ही एका बोल्टविषयी लिहिणार आहोत. बोल्ट वीस रुपयांचा होता, त्याच्यापायी आमचे तीन आठवडी बाजार बुडाले आणि एका तरुण कारागिराच्या मजुरीला कात्री लागली. आम्ही कापडवाले. पाने-पक्कड हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्याचा माल गाडीवर चालतो त्याचा धंदाही बोल्टावर चालतो, ही गोष्ट आम्हाला उशिरा समजली. व्यापारी बांधवांना ती लवकर समजावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे दुकान राजूरला. वणी तालुक्यातले हे गाव चुन्याच्या भट्ट्या आणि कोळसा यांच्यामुळे नावारूपाला आले. दुकानातल्या गिऱ्हाइकीवर भागत नाही, म्हणून जुनी व्हॅन घेऊन वणी, मारेगाव, मुकुटबन या बाजूच्या बाजारांत आम्ही माल नेतो. कापूस घरी आला, पहिल्या वेचणीचा पैसा हातात पडला की दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात लोक कपडे घेतात. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा त्या पंधरा दिवसांत होतो. नेमक्या त्याच दिवसांत व्हॅनच्या सेल्फ मोटरने दगा दिला. चावी फिरवली की नुसता टक् आवाज येई. दोन दिवस ढकलून काढले, तिसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला लावली.

सेल्फ मोटर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी बसते. आमच्या गाडीत ती दोन बोल्टांवर धरलेली आहे. खालचा बोल्ट दिसतो. वरचा दिसत नाही. त्याच्या एका अंगाला गिअरबॉक्सचे घर, दुसऱ्या अंगाला पाइप आणि वायरी, वर गाडीचा पत्रा. हात कसाबसा आत जातो, पण हात गेला की नजर जात नाही. गॅरेजमधला पोरगा आयटीआय झालेला, वीस-एकवीस वर्षांचा, कामाला चांगला. त्याने खालचा बोल्ट चुटकीसरशी काढला आणि वरच्यापाशी थांबला. म्हणाला, "शेठ, वरचा लई कडक आहे. बाजूचं सामान खोलावं लागते. उद्या देतो गाडी."

आम्ही त्याच्या डोक्यावर उभे होतो. आम्ही म्हणालो, "बेटा, उद्याचं काय सांगतो? उद्या बाजार आहे. जोर लाव, निघेल."

त्याने जोर लावला. रिंग पाना बसायला जागा नव्हती, म्हणून दुतोंडी फिक्स पाना तिरपा घातला. पाना सटकला, बोल्टाचे कोपरे गेले, पोराच्या बोटांची सालटी निघाली. मग ग्रिप पक्कड लावली, तिने उरलेले कोपरेही खाल्ले. संध्याकाळपर्यंत बोल्टाचे डोके गुळगुळीत गोटीसारखे झाले होते. गॅरेजमालकाने आमच्यादेखत पोराला फैलावर घेतले आणि नुकसान त्याच्या पगारातून कापीन म्हणून सांगितले. आम्ही काही बोललो नाही. आमच्या मनात बाजार होता.

बोल्ट गोल का होतो

पुढचे दोन दिवस त्या गॅरेजच्या बाकड्यावर बसून आम्ही जे पाहिले आणि विचारून घेतले, ते आधी सांगतो.

बोल्टाच्या डोक्याला सहा बाजू आणि सहा कोपरे असतात. फिक्स पाना त्यांतल्या फक्त दोन बाजू धरतो आणि जोर पडतो तो दोन कोपऱ्यांवर. रिंग पाना चारी बाजूंनी वेढतो, पण बहुतेक रिंग पान्यांना आतून बारा कोन असतात, त्यामुळे तोही कोपऱ्यांच्या टोकावरच जोर देतो. सहा कोनी गोटी पाना मात्र सहाही बाजूंना अंग टेकून बसतो. कडक बोल्टाला पहिला हात लावायचा तो सहा कोनी गोटीनेच. अडचणीच्या जागी नेमके उलटे घडते. तिथे गोटी जात नाही, म्हणून माणूस सर्वांत कमजोर पाना घालतो आणि सर्वांत जास्त जोर लावतो.

दुसरे कारण मापाचे. आम्ही गज आणि मीटर यांच्या भानगडीत वाढलेली माणसे. १९५६ चा मापांचा कायदा झाला, पुढे मीटर आला, तरी कित्येक वर्षे गिऱ्हाईक गज मागे आणि दुकानदार मीटर मोजी. गज ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर १०० चा. साडेआठ सेंटिमीटरच्या या फरकावर काहींनी इमान विकले. पान्यांच्या पेटीत हाच घोळ अजून चालू आहे. आपल्याकडे अँबेसेडर, जुने ट्रॅक्टर, जुने ट्रक यांच्यामुळे इंची पाने आले. पुढे जपानी धाटणीच्या गाड्यांबरोबर मिलिमीटरचे आले. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले, पण तिच्यासाठी घेतलेले पाने पेटीतच राहिले. अर्ध्या इंचाचा पाना १२.७ मिलिमीटरचा होतो, १३ च्या बोल्टावर तो चढतच नाही. पण ९/१६ चा पाना १४.२९ मिलिमीटरचा, तो १४ च्या बोल्टावर खुशाल चढतो आणि थोडा ढिला राहतो. सोप्या जागी हा ढिलेपणा हाताला कळतो. अंधाऱ्या जागी कळत नाही. पाव-अर्धा मिलिमीटर म्हणजे कापडवाल्याच्या लेखी काहीच नाही, पण बोल्टाचा कोपरा तेवढ्यातच जातो.

तिसरे कारण हवा-पाण्याचे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा आवळतो. गिअरबॉक्सचे घर अ‍ॅल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी धरते. त्यात आमच्या भागात रस्त्यावर कोळशाची धूळ असते, ती ओल धरून ठेवते. चुन्याची भुकटी उडते. ओला चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो, हे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात चुना भिजवून पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. पावसाळ्यात हा सगळा राडा चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतो. वर्षातून दोनदा गाडीचे पोट साध्या पाण्याने धुऊन घेतले तर पुढची बरीच मारामारी टळते. आम्ही दुकानाची पायरी रोज धुतो, गाडीचे पोट कधी धुतले नव्हते.

तो बोल्ट कसा निघाला

दुसऱ्या दिवशी गॅरेजमालकाने वणीहून एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. सत्तरीच्या घरातले, खाणीच्या गाड्यांवर हयात गेलेली. ते आले, बसले, चहा घेतला, बोल्टाकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी म्हणाले, "बॅटरीची वायर काढली का?" कोणी काढली नव्हती. सेल्फ मोटरला बॅटरीची जाड वायर थेट येते. पाना तिला आणि गाडीच्या अंगाला एकदम लागला तर ठिणग्या उडतात, हात भाजतो, आगही लागू शकते. मायनसची वायर आधी निघाली.

मग त्यांनी बॅटरी-टॉर्च आणि न्हाव्याकडे असतो तसा छोटा आरसा मागवला. आरशात बोल्ट पाहिला आणि पोराला बजावले, "आरशात सगळं उलटं दिसते. सोडायची दिशा कागदावर काढून ठेव." ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक आहे, पण मागून किंवा खालून हात घातला की डावे-उजवे फिरते, आणि कित्येक बोल्ट सोडण्याऐवजी आवळून तुटतात.

त्यानंतर तारेच्या ब्रशने डोके आणि भोवतालची जागा साफ केली, गंज सोडवणारे पातळ तेल मारले आणि म्हणाले, "आता जेवून येऊ." आम्ही घाई करताच त्यांनी आमच्याकडे पाहून सांगितले, "शेठ, बोल्टले घाई समजत नाही. आधी जागा करा, मंग हात घाला." तेल आट्यांत उतरायला वेळ लागतो. दर अर्ध्या तासाने पुन्हा मारायचे, अधूनमधून बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे म्हणजे गंजाला चिरा पडतात. रात्रभर थांबता आले तर उत्तम.

दुपारभर त्यांनी बोल्टाला हात लावला नाही. बाजूचा पाइप सोडला, वायरींचा जुडगा बाजूला बांधला, गाडीखाली नुसता जॅक न ठेवता भक्कम स्टँड दिले, गिअरबॉक्सला खालून आधार दिला, मागची पकड ढिली केली आणि गिअरबॉक्स दोन बोटे खाली घेतला. वर जागा झाली. मग गोटी पान्याला दोन लांब दांडे जोडले, मध्ये मुरडणारा सांधा घातला आणि गिअरबॉक्सच्या पाठीवरून, मागच्या बाजूने गोटी बोल्टापर्यंत नेली. पुढून जिथे हात शिरत नव्हता तिथे मागून सरळ रस्ता निघाला.

बोल्टाचे डोके मुळात १७ चे होते. कोपरे गेल्यामुळे १७ ची गोटी त्यावर नुसती फिरत होती. उस्तादांनी १६ ची सहा कोनी गोटी घेतली आणि दांड्यावर हातोडीने ठोकून ती घट्ट बसवली. पोराने आत हात घालून गोटी सरळ धरली, उस्तादांनी मागून टॉमी फिरवली. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या. तीन-चार वेळा असे मागेपुढे केल्यावर कडक् असा आवाज झाला. आम्हाला वाटले तुटला. उस्ताद म्हणाले, "सुटला."

हा उपाय चालला नसता तर पुढच्या पायऱ्याही त्यांनी पोराला सांगितल्या. आम्ही वहीत टिपून ठेवल्या आहेत, त्या अशा. गोल डोक्यासाठी आतून उलटे पीळ असलेल्या खास गोट्या मिळतात. जितके फिरवावे तितक्या त्या रुततात. तेही नसेल तर डोक्यावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग करायचे. नटामुळे नवे कोपरे मिळतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते. मात्र त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या, पेट्रोलचा पाइप दूर करायचा, आणि तेल मारलेली जागा पुसून कोरडी करायची. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुलते, म्हणून घर तापवले तर बोल्ट ढिला होतो. पण अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांच्या आसपास एकदम वितळते. म्हणून गॅसची ज्योत एका जागी धरायची नाही.

डोके तुटलेच तर घाबरायचे कारण नाही. डोक्याने आवळून धरलेला ताण गेलेला असतो. वरचा भाग काढून घेतला की उरलेला दांडा पुष्कळदा पक्कडीनेही फिरतो. दांडा आतच तुटला तर बरोबर मध्यभागी पंच मारून उलट्या पिळाच्या ड्रिलने भोक पाडायचे. कधी ड्रिल करतानाच तुकडा बाहेर येतो. त्याच्या पुढचा उपाय म्हणजे भोकात उलटा खिळा घालून फिरवणे, ज्याला गॅरेजवाले इझी-आउट म्हणतात. हा खिळा फार कठीण पण ठिसूळ असतो. तो आत तुटला तर त्यावर ड्रिलही चालत नाही आणि दुखणे दुप्पट होते. म्हणून तो शेवटी, आणि हलक्या हाताने.

चूक कोणाची निघाली

बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांना अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत तुकडे चिकटलेले होते. उस्तादांनी तो पुसला, खालच्या बोल्टाच्या शेजारी ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "शेठ, तुम्ही कापडवाले. इंचात किती धागे ते पाहता ना? आता हे पाहा."

आम्ही पाहिले. दोन्ही बोल्ट १० मिलिमीटर जाडीचे. पण खालच्या, मूळच्या बोल्टाचे आटे बारीक होते, दोन आट्यांत सव्वा मिलिमीटरचे अंतर. वरच्याचे ठळक, दीड मिलिमीटरचे. पंधरा मिलिमीटर लांबीत एकाचे बारा आटे बसतात, दुसऱ्याचे दहा. मूळच्या बोल्टाचे डोके १४ चे, याचे १७ चे. म्हणजे वरचा बोल्ट गाडीचा नव्हताच. जपानी धाटणीच्या गाड्यांत १० च्या बोल्टाला सहसा सव्वाचे आटे आणि १४ चे डोके असते. हार्डवेअरच्या दुकानात १० चा बोल्ट मागितला तर बहुधा दीडचे आटे आणि १६ किंवा १७ चे डोके मिळते. असा बोल्ट सव्वाच्या भोकात हाताने दोन फेरे जातो आणि अडतो. पुढे कोणी लांब पान्याने रेटला तर पोलाद अ‍ॅल्युमिनियमला कापत आत शिरते आणि तिथेच रुतून बसते. डोके मोठे असल्यामुळे त्या अडचणीत गोटी बसायलाही जागा उरत नाही. बोल्ट गंजाने थोडा आणि चुकीच्या आट्यांनी फार कडक झाला होता.

हा बोल्ट कोणी लावला? आम्हाला आठवले. दोन वर्षांपूर्वी असेच काम निघाले होते, दुसऱ्या एका गॅरेजात. तिथल्या मिस्त्रीने सांगितले होते की वरचा बोल्ट खराब आहे, गाडीच्या कंपनीचा मागवावा लागेल, दोन दिवस लागतील. आम्हीच म्हणालो होतो, "बाजारातला कोणताही लाव, दोन दिवस कोणाला आहेत?" मजुरीतही घासाघीस करून शंभर रुपये कमी दिले होते. त्याने आम्ही सांगितले तेच केले. त्याने करायला नको होते हे खरे, परंतु सांगणारे आम्ही होतो.

म्हणजे दोन वर्षांपूर्वीची घाई आमची, त्या दिवशीची घाई आमची, आणि पगार कापला जायचा तो त्या पोराचा. ज्याने सुरुवातीलाच "बाजूचं सामान खोलावं लागते, उद्या देतो" असे बरोबर सांगितले होते, त्याचा.

भोकाचे आटे गेलेले होते. तिसऱ्या दिवशी भोक थोडे मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवले. हेलिकॉइल नावाने ते मिळते. आता त्या जागी मूळ मापाचा सव्वाचा बोल्ट बसतो आणि आटे पहिल्यापेक्षा मजबूत असतात. मोटर बसली, गाडी सुरू झाली. तोवर तीन गावांचे बाजार होऊन गेले होते.

जगाने हा धडा महागात घेतला आहे

आट्यांचा हा घोळ काही आमच्या एकट्याचा नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक माप ठरवावे म्हणून प्रस्ताव मांडला. तोवर प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा असे, एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. व्हिटवर्थ यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा कोन सुचवला. दोन मोठे देश, दोन कोन. दुसऱ्या महायुद्धात दोघे एका बाजूने लढले तेव्हा एकाच्या यंत्राला दुसऱ्याचा बोल्ट बसेना. अखेर १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी समान आट्यांचा करार केला. पुढे मिलिमीटरची आंतरराष्ट्रीय मापे आली आणि भारतानेही ती आपल्या मानकांत घेतली. शंभर वर्षांच्या या खटाटोपाचा मतलब एवढाच की गावातल्या गॅरेजमध्ये योग्य बोल्ट योग्य भोकात बसावा. त्यावर "कोणताही लाव" या दोन शब्दांनी आम्ही पाणी फिरवले.

आता मुद्द्याची गोष्ट

आमचे म्हणणे असे की, अडचणीच्या जागचा गोल झालेला बोल्ट ही वेळेच्या किमतीची बाब आहे. आपण गॅरेजमध्ये सुट्या भागांचे पैसे देतो, मिस्त्रीच्या सबुरीचे देत नाही. मोटरचे दोन हजार निमूटपणे मोजतो आणि तिला हात लागावा म्हणून चार तास जागा करणाऱ्याला म्हणतो, "नुसता बोल्टच तर काढला." ज्या कामाला मोबदला नाही ते काम कारागीर का करील? तो जोर लावतो, कारण जोर लावायला दोन मिनिटे लागतात. आमच्या धंद्यात कोणी म्हटले की नुसते कापडच तर कापले, तर आम्हाला कसे वाटेल?

यावर काही बांधव म्हणतील की तासावर पैसे द्यायचे ठरवले तर मिस्त्री मुद्दाम वेळ काढील. ही शंका गैर नाही. लबाडी सगळ्याच धंद्यांत आहे, आमच्यातही गजाने मोजणारे होते. पण त्यावर उपाय आहेत, आणि ते आम्ही त्या दिवसापासून पाळतो आहोत.

काम सुरू करण्यापूर्वीच विचारावे की बोल्ट सरळ निघाला तर किती, गोल झाला तर किती, आणि तुटून आटे गेले तर किती. तिन्ही आकडे कागदावर घ्यावेत. प्रामाणिक मिस्त्री हे सांगू शकतो, कारण त्याने असे शंभर बोल्ट पाहिलेले असतात. ठरल्यापेक्षा खर्च वाढू लागला तर त्याने थांबून निरोप द्यावा, आणि निरोप आल्यावर आपण चिडू नये.

काढलेला बोल्ट पाहायला मागावा. कापडाचा ताका आपण किनार पाहून घेतो, तसे बोल्टाचे डोके पाहावे. त्यावर ८.८ असा आकडा असतो. पहिल्या आठाचा अर्थ एका चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनचा ताण तुटेपर्यंत सोसणारा. दुसऱ्या आठाचा अर्थ त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी पूर्ववत होणारा. काहीच आकडा नसलेला बोल्ट इंजिन, स्टिअरिंग किंवा ब्रेकपाशी लावू देऊ नये. सेल्फचा बोल्ट खराब निघाला तर बाजार बुडतो. ब्रेकचा निघाला तर माणूस जातो.

नवा बोल्ट पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरला पाहिजे. हाताने जात नसेल तर तो चुकीचा आहे किंवा वाकडा लागला आहे. पान्याने रेटू नये. आवळताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोरापर्यंतच आवळावा, त्यासाठी जोर मोजणारा पाना असतो. गॅरेजवाल्यांना आमची विनंती की सहा कोनी गोट्यांचा एक चांगला संच, आटे मोजायची पट्टी आणि जोराचा पाना यांत पैसा घालावा. इंची आणि मिलिमीटरचे पाने वेगळ्या पेट्यांत ठेवावेत. दोन-तीन बोल्ट वाचले की खर्च निघतो.

आणि राहता राहिली कारागिराच्या मजुरीची बाब. कामगाराच्या हयगयीमुळेच नुकसान झाले असेल आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच मजुरीतून कापता येते, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण कायदा जाऊ द्या, व्यवहाराने पाहा. ज्या गॅरेजात बोल्ट तुटला की पोराचा पगार कापला जातो, तिथे पोरगा पुढच्या वेळी तुटलेला बोल्ट दाखवणार नाही. तो वरून ग्रीस फासून गाडी तुमच्या हातात देईल. त्या गाडीत तुमची मुलेबाळे बसणार आहेत.

आम्ही काय केले तेही सांगितले पाहिजे, नाही तर हे नुसते उपदेशाचे डोस होतील. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गॅरेजमालकाला दोन्ही बोल्ट शेजारी ठेवून दाखवले आणि दोन वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. बिल पूर्ण दिले, घासाघीस केली नाही. पोराचा पगार कापू नका, नुकसान आमच्या बिलात लावा, असे म्हणालो. मालक भला माणूस, त्याने मानले. पोराला बोलावून सांगावे म्हणून आम्ही थांबलो, तर कळले की तो दुपारीच काम सोडून गेला होता. चंद्रपूरकडे कुठल्याशा वर्कशॉपला लागला म्हणतात. त्याच्या हिश्शाचे पैसे मालकाकडे ठेवले आहेत आणि निरोप पाठवला आहे. अजून तो आलेला नाही.

तो दीडच्या आट्यांचा बोल्ट आम्ही दुकानात गल्ल्यापाशी ठेवला आहे. गिऱ्हाईक विचारते, शेठ हे काय? आम्ही सांगतो, हे आमच्या घाईचे बिल आहे. वाचकांपैकी कोणाची गाडी उद्या गॅरेजला लागली आणि गाडीखालून कोणी म्हणाले की आज होत नाही, उद्या देतो, तर एकदा त्याचे ऐकून पाहावे. एवढेच आमचे सांगणे आहे.